पुरात बुडालेल्या शाळेचे संडास: आधी पाणी आणि धुणारा माणूस ठरवा, मग बांधकाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातली नदीकाठची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते सातवी, पट दीडशेच्या आसपास, निम्म्या मुली. पुराचं पाणी बरेच दिवस वर्गात होतं, आता उतरलंय. संडासाच्या ब्लॉकची एक भिंत कललीय, आत गाळ आहे, मोटर बुडाली, आणि एक कंपनी सहा रेडिमेड केबिन द्यायला तयार आहे. मुख्याध्यापक विचारतायत की केबिन घ्याव्यात का, शाळा सोमवारी उघडावी का, आणि पक्का ब्लॉक परत त्याच जागी बांधायचा का.

सर, आधी सरळ उत्तर. केबिन आत्ता घेऊ नका, त्या कंपनीकडे दुसरं काहीतरी मागा, काय ते खाली सांगतो. शाळा सोमवारी सुरू करा पण गावात वरच्या अंगाला जी इमारत असेल तिथे, सोसायटीचा हॉल म्हणा, समाजमंदिर म्हणा, जिथे चालू संडास आणि नळ आहे. आणि पक्का ब्लॉक त्याच जागी त्याच उंचीला अजिबात नको.

मी २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांनंतर शिरोळ, मिरज, पलूस ह्या पट्ट्यातल्या शाळांत पाणी-संडासाची कामं केलीत, थोडं चिपळूणलाही केलं. प्रत्येक वेळी बैठकीत पहिला प्रश्न तोच, सीट किती आणि एस्टिमेट किती. पाणी कुठून येणार आणि रोज धुणार कोण हे विचारणारा माणूस क्वचित भेटतो, आणि शाळेचा संडास बंद पडतो तो नेहमी ह्या दोन गोष्टींमुळे. जुन्या ब्लॉकचंच आठवून बघा, पूर यायच्या आधी त्यातल्या किती सीट रोज उघड्या होत्या? बहुतेक शाळांत एक उघडी, एक स्टाफची म्हणून कुलूप, बाकीच्यांत झाडू, तुटके बाक आणि गणपतीच्या मखराचं सामान. असंच असेल तर नवीन ब्लॉकचंही वर्षाभरात तेच होणार.

आता पहिले काही दिवस. साफसफाईला हात लावायच्या आधी फोटो काढा, भिंतीवर पाण्याची रेघ दिसते तिच्यासकट, आणि पंचनाम्यात संडास, मोटर, टाकी, हँडपंप हे वेगवेगळं लिहून घ्या. "शाळेचे नुकसान" असं एका ओळीत गुंडाळलं की नंतर दुरुस्तीचा पैसा वर्गखोल्यांना जातो आणि संडास राहून जातो. पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. एकतर बुडालेल्या ब्लॉकमध्ये साप बसलेले असतात, पॅनच्या मागे, दाराच्या चौकटीत, घोणस निघालेली मी स्वतः बघितलीय, त्यामुळे आधी काठी, गमबूट, उजेड, मग माणूस. आणि दुसरं, खड्ड्यांची आणि टाकीची झाकणं पाण्याने सरकलेली असतात आणि वर गाळाचा थर बसतो, वरून जमीन सपाट दिसते. चौथीतलं पोरगं पळत गेलं तर थेट आत. बांबू रोवून दोरी बांधा, आजच.

सेप्टिक टँक लगेच उपसायची घाई नको. सगळे हेच करतात, सक्शन गाडी आली की आधी टाकी रिकामी. जमीन अजून पाण्याने भरलेली असते, बाहेरून दाब असतो, आणि आतून टाकी रिकामी केली की प्लॅस्टिकची असेल तर ती वर उचलली जाते, विटांची असेल तर भिंत आत येते. जवळच्या विहिरीत बघा, पाणी टाकीच्या तळाच्या खाली गेलं का, मग उपसा. आणि उपसायला माणूस आत उतरवायचा नाही, काहीही झालं तरी नाही, मैला हाताने साफ करून घेण्यावर बंदी आणणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आतल्या गॅसने माणूस मिनिटात जातो.

पॅनमधला गाळ फावड्याने किंवा हातमोजे घालून हाताने बाहेर काढायचा, पाण्याने आत ढकलायचा नाही. आत गेलेला गाळ पी-ट्रॅपमध्ये, म्हणजे पॅनखालच्या वाकड्या पाइपात, आणि पुढच्या पाइपात सिमेंटसारखा बसतो, मग फरशी फोडल्याशिवाय निघत नाही. गाळ निघाला, साबणाच्या पाण्याने घासून झालं की मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गाळावरच टीसीएल टाकून काही होत नाही, त्यातला क्लोरीन चिखलातच खर्च होतो. फरशी-भिंतीला १० लिटरच्या बादलीत दीडशे ग्रॅम, तेही ताजी पावडर असेल तर. ग्रामपंचायतीत कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं जे पोतं असतं ते बहुतेक वेळा नुसता चुना उरलेला असतो, वास घेऊन बघा, डोळ्याला झोंबलं नाही तर उपयोग नाही. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा: टीसीएल आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र नाही. दोन्ही एका वेळी ओतलं की क्लोरीन गॅस सुटतो, बंद संडासात धुणारी बाई गुदमरते. साफ करणाऱ्यांना लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, पायाला जखम असेल त्याला ह्या कामावर घेऊच नका.

पाण्याचं. दीडशे पोरांना प्यायला आणि हात धुवायला माणशी ३ लिटर धरा, आपत्तीच्या कामात स्फिअर म्हणून जे जागतिक निकष वापरतात त्यात शाळेसाठी हाच आकडा आहे, म्हणजे साडेचारशे लिटर. त्यात संडासाचं पाणी आलं नाही. ते आणि धुण्याचं धरून रोजचं हजार-बाराशे लिटर लागतं. दोन हजारची टाकी म्हणजे जेमतेम दोन दिवस, आणि आपल्याकडे पुरानंतर लाईट किती दिवस नसते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून पॅन निवडताना ग्रामीण पॅन घ्या, तीव्र उताराचं, २० मिलिमीटर वॉटर सीलचं (वास अडवायला ट्रॅपमध्ये साठून राहणारं पाणी), दीड-दोन लिटरच्या एका डबड्यात साफ होतं. दुकानदार शहरी पॅन आणि फ्लश टाकी गळ्यात मारतो, दिसायला छान, पण त्याला दरवेळी चार-पाच पट पाणी, आणि ते पाणी नसलं की दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

हँडपंप बुडाला असेल तर तो चालतोय म्हणजे पाणी चांगलंय असं धरू नका. क्लोरीन टाकून, काही तास ठेवून, वास जाईपर्यंत उपसून टाका, मग तालुक्याच्या लॅबला नमुना पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत प्यायचं पाणी टाकीत टीसीएल करून, अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का बघायची चाचणी, पिवळा रंग आला तरच पोरांच्या बाटलीत. ही टेस्ट सातवीची पोरं रोज आवडीने करतात, वहीत लिहून ठेवतात, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक येईल याची वाट बघायची गरज नाही.

केबिनचं का नको म्हणतो ते सांगतो. केबिन म्हणजे फक्त खोका. खाली खड्डा कोणी खणायचा, पाणी कोण जोडणार, हे देणाऱ्याच्या कागदावर नसतं. आत्ता तुमच्याकडे काळी माती पाण्याने तट्ट फुगलेली आहे, दोन फूट खणलं की खड्ड्यात पाणी. खाली टाकी असलेली केबिन घेतली तर ती भरल्यावर उपसायला सक्शन गाडी लागते आणि पुरानंतर पूर्ण तालुका त्या गाडीच्या मागे असतो. २०१९ नंतर एका गावात पाहिलं, निळ्या रंगाच्या देखण्या केबिन, दारावर देणाऱ्याचं नाव, आणि आत पोषण आहाराचा तांदूळ आणि चुलीची लाकडं. मुख्याध्यापक म्हणाले, जागा तरी झाली. त्यामुळे कंपनीला सरळ सांगा की केबिन नको, दोन हजार लिटरची टाकी द्या लोखंडी स्टँडसकट, पाइप आणि नळ द्या, सॅनिटरी पॅड आणि झाकणाचे डबे द्या, आणि जमलं तर धुणाऱ्या बाईंचं वर्षभराचं मानधन द्या. शेवटचं ऐकून बऱ्याच कंपन्या गप्प होतात कारण त्याचा फोटो निघत नाही. पण विचारा, काही जण देतात.

सोमवारी समाजमंदिरात शाळा भरवायची तर तिथे एक-दोनच सीट असणार. म्हणून पूर्ण शाळा एकदम नको. पहिली ते चौथी सकाळी, पाचवी ते सातवी दुपारी. आणि शेजारच्या तीन-चार घरांशी बोलून ठेवा, मोठ्या मुलींना गरज पडली तर तिथे जाता येईल असं, नावानिशी ठरवा, मॅडमनी मुलींना सोबत नेऊन घर दाखवा. हे कागदावर कुठल्याच योजनेत बसत नाही पण पहिले दोन आठवडे ह्याच्यावरच निघतात. शाळेची जुनी इमारत पूरग्रस्तांची छावणी म्हणून वापरली गेली नाही हे तुमचं नशीब, ज्या शाळा बुडाल्या नाहीत त्यांच्या संडासांची वाट छावणीने लागलेली असते, रोज चाळीस पोरांच्या सीटवर शेकडो माणसं, आणि छावणी उठली की जबाबदार कोणीच नाही. तुमच्या केंद्रातल्या अशा शाळांना सांगा की चावी परत घेताना सफाई करूनच घ्या, तसं तलाठ्यांकडून लिहून घ्या.

आता पक्कं बांधकाम. सीट किती ह्याचं गणित सरकारी पुस्तिकेत आहे, स्वच्छ विद्यालयच्या निकषात चाळीस मुलांमागे एक युनिट, म्हणजे एक संडास आणि तीन मुताऱ्या. स्फिअरमध्ये मुलींना तीसला एक आणि मुलांना साठला एक. पण मी हिशोब लावतो तो छोट्या सुट्टीचा. दहा मिनिटांची सुट्टी, पंच्याहत्तर मुली, एका मुलीला कडी लावून, कपडे सांभाळून, पाणी टाकून बाहेर यायला सव्वा ते दीड मिनिट. म्हणजे एका दारामागे सात-आठ मुली. दोन सीट असतील तर पंधरा-सोळा जणी जाऊन येतात, उरलेल्या साठ एकतर दाबून धरतात नाहीतर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे दिसत नाही कारण रांगेत उभं राहायचीच त्यांनी सोडून दिलेली असते. म्हणून मुलींसाठी तीन संडास आणि त्यांच्या जोडीला आडोसे घातलेल्या पाच-सहा मुताऱ्या, सिमेंटचा उतार आणि दोन विटांचे पाय ठेवायचे कट्टे, एवढ्या साध्या. मुताऱ्यांना खर्च फार कमी येतो, पाणीही कमी लागतं, आणि तरी एस्टिमेटमध्ये मुलींच्या मुताऱ्या जवळपास नसतातच, मुलांच्या असतात. भांडून घाला. सुट्टी दोन टप्प्यांत केली तर फुकटात दुप्पट क्षमता मिळते, ते तर उद्यापासून करता येईल.

उंचीचा विषय जरा सविस्तर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २००५ ची खूण ज्यांनी सगळ्यात मोठा पूर म्हणून भिंतीवर रंगवली होती त्यांची ती खूणच २०१९ ला बुडाली. म्हणजे सगळ्यात मोठ्या पुराच्या वर संडास उचलायचा म्हटलं तर तो पाण्याच्या टाकीसारखा खांबांवर बांधावा लागेल. तसं करून उपयोग नाही, पहिलीचं पोरगं वर चढणार नाही आणि चाक-खुर्चीवालं तर नाहीच. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे जोतं ३ फूट उचललं तरी ३६ फूट लांब रॅम्प, आणि तुमच्या आवारात एवढी जागा कुठे आहे? ह्यावर मला जे जमतं ते असं, संडास आवाराच्या टोकाला न बांधता शाळेच्या व्हरांड्याच्या शेवटाला जोडून बांधायचा. शाळेचं जोतं आधीच उंच आहे, रॅम्प आधीच आहे, लाईट आहे, पत्रा पुढे ओढला की पावसात पोरं भिजत नाहीत आणि मुलींना मैदान ओलांडून सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागत नाही. "वर्गाला वास येईल" म्हणून शिक्षकच विरोध करतात. धुतलेल्या संडासाचा वास येत नाही, आणि वास आला तर तो शिक्षकांपर्यंत पोचावा हेच बरं, तरच धुतला जाईल.

हे केलं की नेहमीच्या पुरात ब्लॉक वाचतो, मोठ्या पुरात बुडणार हे मान्य करून बांधायचा. भिंतींना आतून पूर्ण उंचीपर्यंत टाइल्स, म्हणजे गाळ धुऊन निघतो. प्लायवूडची दारं नकोत, फायबरची, आणि बिजागरी अशी की दार उचलून काढता येईल, पाणी वाढायला लागलं की दारं काढून वरच्या मजल्यावर. मोटर आणि स्विच भिंतीत उंचावर. वरची पाण्याची टाकी पूर यायच्या आधी भरून ठेवायची आणि तारेने बांधायची, रिकामी टाकी वाहून जाते, २०१९ ला अशा कित्येक काळ्या टाक्या उसात अडकलेल्या सापडल्या. पॅनमध्ये वाळूचं छोटं पोतं दाबून ठेवायचं म्हणजे मैला उलटा वर येत नाही. पण सगळ्याच्या आधी ब्रँच इंजिनिअरना विचारा की शाळा निळ्या पूररेषेत येते का. येत असेल तर तिथे नवीन बांधकामाला परवानगीचाच प्रश्न आहे, आणि मग पैसा संडासावर घालायचा की शाळाच वर हलवायची मागणी करायची हे व्यवस्थापन समितीने आत्ताच ठरवलेलं बरं.

खड्ड्यांबद्दल. सेप्टिक टँक बांधून त्याचं पाणी ओढ्यात सोडायचं, हे सर्रास चालतं, करू नका. दोन खड्ड्यांचा संडास चांगला, एक भरला की दुसरा, आणि भरलेला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतलं खत होतं, पण तुमच्या काळ्या मातीत तो साध्या पद्धतीने चालत नाही. काळी माती पाणी खाली मुरू देत नाही, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्याच्या विटा सरकवते, तुमची ती भिंतही बहुतेक ह्यानेच कललीय, पाण्याच्या लोंढ्याने नाही. शिरोळचं पाणी हळू चढतं आणि मुक्काम करतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने उलटं केलं, जोरात आली, भिंती पाडल्या आणि गाळ टाकून गेली, तिथे दुरुस्तीचं गणितच वेगळं. तिथल्या जांभ्यातून खड्ड्याचं पाणी विहिरीपर्यंत झटकन पोचतं, ती वेगळी डोकेदुखी. तुमच्याकडे खड्ड्याच्या विटांच्या बाहेर चारही बाजूंनी एक फूट जाडीचा वाळू-खडीचा थर घालायचा, खड्डे नेहमीपेक्षा मोठे आणि उथळ, जमिनीवर मुरमाचा भराव करून थोडे वर उचललेले, आणि वर सिमेंटने सांधे बुजवलेलं आरसीसी झाकण. विहीर किंवा हँडपंपापासून ३० मीटर लांब. गवंड्याला हा वाळूचा थर अनावश्यक वाटतो आणि तुम्ही शाळा सुटल्यावर घरी गेलात की तो खणलेली काळी मातीच परत भरतो, म्हणून त्या दिवशी तिथे खुर्ची टाकून बसा.

सहावी-सातवीच्या मुलींसाठी एक खोली थोडी मोठी ठेवा, आत नळ, पॅड ठेवायला फळी, कपडे अडकवायला खुंटी, झाकणाचा डबा, आतून नीट बसणारी कडी. पुराच्या मदतीत पॅड येतात पण डबा येत नाही, मग पॅड पॅनमध्ये जातात आणि ट्रॅप तुंबतो, आणि बोलणी मुलींना बसतात. विजेवर चालणारं जाळायचं मशीन घेऊ नका, बहुतेक शाळांत ते भिंतीवर शोभेला आहे. आवाराच्या कोपऱ्यात विटांची छोटी भट्टी पुरते, पेटवायची शाळा सुटल्यावर. लहान वर्गांसाठी एक पॅन छोटं घ्या आणि त्या दाराची कडी पोरांच्या हाताला येईल इतकी खाली लावा, मिस्त्री सगळ्या कड्या आपल्या छातीच्या उंचीला लावतो. हात धुवायला टाकीवरून एक आडवा पाइप, सहा-सात नळ, दोन उंचींवर, साबण जाळीच्या पिशवीत बांधून, आणि ते पाणी परसबागेला.

राहिलं धुणं आणि पैसा. तुमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान ५० हजार मिळतं, त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा, म्हणजे वर्षाला ५ हजार, महिन्याला चारशे सोळा रुपये. ह्यात फिनेल येतं, माणूस येत नाही. माणसाचा पैसा ग्रामपंचायतीकडे आहे, १५ व्या वित्त आयोगाच्या पैशात पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेला बंधित भाग असायचा आणि त्यातला निम्मा स्वच्छतेचा, पुढच्या आयोगाचे नियम काय आहेत ते ग्रामसेवकांकडून लेखी घ्या आणि आराखड्यात शाळेच्या सफाईची ओळ ग्रामसभेतच घालून घ्या, नंतर कोणी घालत नाही. गावातल्या बचत गटाला काम द्या, रोज एकदा मोठ्या सुट्टीनंतर आणि एकदा शाळा सुटल्यावर, हातमोजे-बूट शाळेने द्यायचे. पोरांकडून धुऊन घेऊ नका. घेतलं की ते ठराविक वस्तीच्या पोरांवरच जातं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आता तुमच्याकडून मला एवढं हवंय: विहिरीतलं पाणी सध्या जमिनीपासून किती फूट खाली आहे, व्हरांड्याच्या टोकाला किती जागा सुटते, हँडपंप तिथून किती लांब, आणि कललेल्या भिंतीचा पायाजवळचा फोटो, भेग आडवी आहे की तिरकी ते दिसेल असा. खड्ड्यांची मापं त्यावरून काढून देतो, ब्रँच इंजिनिअरना दाखवता येतील अशी.